चुकांची वही

"ताई, घोटाळा झाला!" धाकटा भाऊ स्वयंपाकघरातून ओरडला. मला वाटलं, दूध उतू गेलं. धावत जाऊन बघते तर ओट्यावर विजेवर चालणारं नवंकोरं भलंमोठं पातेलं आणि त्यात गरम पाण्यात भिजत घातलेले भरडलेले जव. साहेब घरी बिअर करत होते!

हे अमेरिकेतलं, पोर्टलँडमधलं. तिथे १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करायची मुभा मिळाली. आपल्याकडे विनापरवाना केली तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा. आणि मी तर वस्तीतल्या गुत्त्याविरुद्ध बायकांचा मोर्चा नेणारी! आमचं त्यावरून चांगलंच वाजलं. पण तो वाद आज नको. मला सांगायचंय ते त्याच्या चुकांविषयी.

मोड आणून वाळवलेले जव साधारण ६५ ते ६७ अंश पाण्यात तासभर ठेवले, की त्यातल्या पिठाची साखर होते. नव्या पातेल्याचा आकडा ६६ दाखवत होता. भावाने साधा थर्मामीटर जवात खुपसला तर ७२! म्हणजे यंत्राचा आकडा वेगळा आणि आतली गोष्ट वेगळी. एवढ्या उष्णतेत पुढे आंबायला सोपी अशी साखर कमी होते. त्याने थोडं गार पाणी घालून ढवळलं, पुन्हा मोजलं आणि वहीत लिहिलं.

जव गाळून ते पाणी हॉप्सची कडवट फुलं घालून उकळलं. जुन्या पातेल्यात जितकी वाफ जायची तितकी यात गेलीच नाही, त्यामुळे काढा पातळ राहिला. काचेची तरंगती नळी टाकून त्याने दाटपणा पाहिला. हवा होता १.०५०, भरला १.०४१. वीसेक लिटरला अर्धा किलो जवाची सुकी माल्ट पावडर घातली, पुन्हा थोडं उकळलं आणि आकडा जागेवर आला. "खरं म्हणजे नवीन भांड्यात आधी नुसतं पाणी उकळून बघायला हवं होतं, तासाला किती आटतं ते," तो म्हणाला. तेही वहीत गेलं.

मी विचारलं, "आणि सुधारताच आलं नाही तर?" तो हसला. आधीची खेप आंबट झाली होती. पिंपाची तोटी न उघडता वरवर धुतली होती, आत घाण राहिली. सगळी, १९ लिटर, मोरीत ओतली. तेव्हापासून तोटी दर वेळी सुटी करून धुतो. ना आदळआपट, ना तोंड लपवणं.

मला आमच्या बचत गटातली एक जण आठवली. गटाने मिरची कांडपाचं मशीन घेतलं. पहिल्याच दिवशी तिने घाईने भराभर मिरच्या टाकल्या, मशीन तापलं, तिखट काळपट पडलं, जळका वास आला. बारा किलो मिरची गेली. ओरडा बसेल म्हणून तिने ते चांगल्या तिखटात मिसळलं. गिऱ्हाइकांनी पुडे परत आणले. आम्हीही तिला नको नको ते बोललो. ती यायचीच बंद झाली. आज वाटतं, तिची चूक एका दिवसाची होती, आमची मात्र मोठी. मशीन आणलं, पण आधी किलोभर मिरची घालून बघू या, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

मैत्रिणींनो, लहानपणापासून आपल्याला एकच शिकवलेलं असतं: बाईच्या हातून बिघडता कामा नये. नव्या सुनेचं लोणचं नासलं तर वर्षभर ऐकवतात. बरणी ओली होती का, मीठ कमी पडलं का, हे कुणी विचारत नाही. मग बाई शिकते ते चूक लपवायला. नवऱ्याच्या हातून नवी गाडी घासली तर 'हात बसायला वेळ लागतो', आणि बायकोने नवा मिक्सर जाळला तर 'हिला काही कळतच नाही'!

परत आल्यावर मी त्या मैत्रिणीच्या घरी गेले, आधी माफी मागितली. आता गटात एक वही आहे. मशीनवर काय बिघडलं, का बिघडलं, काय केल्यावर सुधारलं, ते त्यात लिहायचं. नाव लिहायचं नाही. वहीचं पहिलं पान तिनेच भरलं: 'मिरची थोडी थोडी घालावी. मशीन तापलं की थांबावं. जळलेलं चांगल्यात मिसळू नये.'

बिअर मी चाखली नाही, चाखणारही नाही. पण ही वही मात्र तिथूनच आणली. तुमच्या घरी अशी एखादी वही ठेवून बघा. आणि पहिली चूक सासूबाईंनी लिहिली, तर सून किती मोकळेपणाने लिहील!