सरकारी वकील कोणाचा?

नोव्हेंबर 2017मध्ये नगरच्या जिल्हा न्यायालयात पाच दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. 18 तारखेला कोपर्डीच्या खटल्यातले तिन्ही आरोपी दोषी ठरले आणि 29 तारखेला त्यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. मधल्या 23 तारखेला खर्ड्याच्या खटल्यातले आरोपी झाडून सगळे निर्दोष सुटले. कोपर्डी कर्जत तालुक्यातली, खर्डा जामखेड तालुक्यातला. एकीकडे बलात्कार करून मारली गेलेली मराठा कुटुंबातली शाळकरी मुलगी, दुसरीकडे मारला गेलेला दलित कुटुंबातला शिकणारा मुलगा. कोपर्डीनंतर राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले, विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांची नेमणूक झाली, 31 साक्षीदार तपासले गेले आणि गुन्हा घडल्यापासून दीड वर्षाच्या आत निकाल हाती आला. खर्ड्याच्या निकालाला साडेतीन वर्षे लागली आणि तोवर गावातले, शाळेतले साक्षीदार एकापाठोपाठ एक फितूर झाले होते.

दोन्ही खटल्यांतला पुरावा वेगळा होता. तेव्हा एक निकाल दुसऱ्याशेजारी ठेवून न्यायाधीशांना बोल लावणे बरोबर नाही. पण लोकांनी त्यातून जे घ्यायचे ते घेतले. मोठा गुन्हा घडला, की आरोपींच्या अटकेपाठोपाठ दुसरी मागणी ठरलेली : खटला निकमांकडे द्या. नेवासा तालुक्यातल्या सोनईत 1 जानेवारी 2013 रोजी तीन दलित तरुणांना मारले गेले, तो खटला नाशिकला चालला. तिथेही निकमच होते आणि जानेवारी 2018मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. फेब्रुवारी 2025मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे गावकरी आपल्या सरपंचाच्या हत्येप्रकरणी अन्नत्यागाला बसले, त्यांच्या मागण्यांतही हे नाव होतेच. सरकारने ते मान्य केले. हा विश्वास निकमांनी मेहनतीने कमावला आहे. जळगावात सरकारी वकील म्हणून सुरुवात, 1993च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला, मग 26/11च्या हल्ल्यातल्या कसाबचा खटला, 2016 साली पद्मश्री. इतकी वर्षे सरकार पक्षाची बाजू एका माणसाने एवढ्या तयारीनिशी मांडल्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात चटकन सापडणार नाही.

आणि म्हणूनच गेल्या दोन वर्षांत जे घडले ते साधे नाही. एप्रिल 2024मध्ये भारतीय जनता पक्षाने त्यांना मुंबई उत्तर मध्य मतदारसंघातून लोकसभेची उमेदवारी दिली. त्यांनी हातातल्या खटल्यांतून राजीनामा दिला, ते रीतसर झाले. 4 जूनला निकाल लागला, वर्षा गायकवाड यांच्याकडून ते 16,514 मतांनी हरले. त्याच महिन्यात राज्य सरकारने त्यांना पुन्हा विशेष सरकारी वकील नेमले. विरोधकांनी आक्षेप घेतला, तो दोन दिवस गाजला आणि विरला. पुढे मस्साजोगचा खटला हाती असतानाच, जुलै 2025मध्ये, राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली.

वकिलाने राजकारणात जावे की नाही, हा वाद नाही. आपल्या देशाचे निम्मे राजकारण वकिलांनीच उभे केले. नगरपुरते बोलायचे तर कुंदनमल फिरोदिया याच न्यायालयात वकिली करत होते. स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले, विधिमंडळात गेले आणि 1946 ते 1952 मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिले. काँग्रेसचे असूनही त्या खुर्चीवर बसल्यावर सभागृह सगळ्यांचे, हे ओझे त्यांना वाहावे लागले. निकमांनीही खासदार व्हावे, कायद्याच्या प्रश्नांवर राज्यसभेत बोलावे. त्यांच्याइतका अनुभव त्या सभागृहात फार थोड्यांकडे असेल.

वाद आहे तो पक्षाचे तिकीट घेऊन लढल्यावर पुन्हा सरकारी वकिलाच्या टेबलाशी येण्याचा. सरकारी वकील हा सरकारचा वकील, असा आपला सर्वसाधारण समज आहे आणि तिथेच सगळी गफलत आहे. तो फिर्यादीचा वकील नसतो, पोलिसांचा नसतो, मंत्रालयाचाही नसतो. सगळा पुरावा न्यायालयापुढे ठेवणे, आरोपीच्या बाजूचा असेल तोही न लपवणे, हे त्याचे काम. खटला मागे घ्यायचा असेल तर तसा अर्ज करण्याचा अधिकार कायद्याने मंत्र्याला दिलेला नाही, सरकारी वकिलाला दिला आहे. तेही न्यायालयाची संमती मिळाली तरच. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 321मध्ये होते, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 360मध्ये आहे. सरकारने सांगितले तरी स्वतः विचार करून 'नाही' म्हणू शकेल असा माणूस त्या जागी असेल, हे कायद्याने गृहीत धरले आहे. सत्ताधारी पक्षाचा कालचा उमेदवार तसे म्हणेलही. पण तो म्हणेल यावर आरोपीच्या घरच्यांनी आणि फिर्यादीच्या घरच्यांनी, दोघांनीही, विश्वास का ठेवावा? मस्साजोगचे प्रकरण तर असे की त्याच्या वादळात सत्ताधारी आघाडीतल्या एका मंत्र्याने राजीनामा दिला. अशा खटल्यात वकिलाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नसली, तरी त्याच्या जागेबद्दलही शंका उरता कामा नये.

सरकारी वकील न्यायालयाबाहेर बोलू लागला की काय होते, तेही आपण पाहिले आहे. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट देशभर पसरली, तिच्यावर भाषणे झाली, निवडणुकांत ती वापरली गेली. मार्च 2015मध्ये जयपूरच्या एका परिषदेत निकमांनीच सांगितले, की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला ती दिलीही नव्हती. त्याच्याबद्दल सहानुभूती तयार होऊ लागली होती, ती मोडण्यासाठी आपण हे रचले, असेही ते म्हणाले. कसाबविरुद्धचा पुरावा भक्कम होता, सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. त्याला या गोष्टीची काडीची गरज नव्हती. जनमताला वळण देणे हे पक्षाच्या प्रवक्त्याचे काम आहे. ते सरकारी वकिलाने अंगावर घेतले, तेव्हाच त्याची आणि राजकारणाची हद्द पुसट झाली होती.

अमेरिकेत जिल्हा पातळीवरचे बरेच सरकारी वकील निवडणूक लढवून येतात, केंद्राचे वकील राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट त्यांना मान्यता देते. राज्याच्या विधिमंडळातून थेट केंद्राच्या अभियोक्त्याच्या खुर्चीत गेलेली माणसे तिथे कितीतरी आहेत. म्हणजे राजकारणाचे तिथे वावडे नाही. पण केंद्र सरकारचे पद सांभाळत असताना संसदेचे सभासद होता येत नाही, अशी त्यांच्या राज्यघटनेतच मनाई आहे. एक सोडा, मग दुसरे घ्या. आपल्याकडे पद सोडले जाते खरे, पण निवडणूक हरली की ते परत मिळते.

मात्र एका माणसाभोवतीच हा विचार फिरवला तर खरे दुखणे बाजूला राहील. लोकांना निकमच का हवे असतात? कारण जिल्हा न्यायालयातल्या नेहमीच्या सरकारी वकिलावर त्यांचा भरवसा नाही. या वकिलांच्या नेमणुका मुदतीच्या असतात, त्यांत सरकारचा शब्द चालतो आणि सरकार बदलले की नावेही बदलण्याची भीती असते. उत्तर प्रदेशात 1990 साली एका परिपत्रकाने सगळ्या जिल्ह्यांतल्या सरकारी वकिलांना एकदम घरी पाठवले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक त्याच वर्षी रद्द केले आणि हे पद सार्वजनिक जबाबदारीचे आहे, मन मानेल तसे काढायचे-घालायचे नाही, असे बजावले. या गोष्टीला पस्तीस वर्षे झाली, तरी आपल्याकडे या नेमणुकांची चर्चा कोण कोणाच्या जवळचा याच अंगाने होते.

खालच्या न्यायालयात साक्षीदार कसा फुटतो ते एकदा मागच्या बाकावर बसून बघावे. पिंजऱ्यात उभा राहिलेला माणूस मान खाली घालून म्हणतो, मला काही माहीत नाही, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली. सरकारी वकील उठून साक्षीदार फितूर घोषित करायची परवानगी मागतो, आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतो, त्याचा जुना जबाब वाचून दाखवतो. 'असे मी सांगितले नव्हते' हे उत्तर तीन-चारदा नोंदले जाते आणि पुढच्या साक्षीदाराचा पुकारा होतो. तो माणूस न्यायालयात फुटलेला नसतो. तो गावात, रानात, दूध संस्थेच्या दारात कधीच फुटलेला असतो. त्याला ज्यांच्याविरुद्ध बोलायचे असते त्यांच्याच विहिरीवरून त्याच्या शेताला पाणी येते, त्यांच्याच ओळखीने मुलाला कामावर घेतलेले असते. त्याला वाचवायला कोणी तरी महिनोन् महिने आधी त्याच्याशी बोलायला हवे होते, त्याला संरक्षण मिळवून द्यायला हवे होते, तारीख लवकर लावून घ्यायला हवी होती. साक्षीदार संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018मध्ये देशभर लागू केली. ती अर्जावर चालते. तो अर्ज करायची आठवण खर्ड्यासारख्या गावातल्या भेदरलेल्या माणसाला सरकारी वकिलाखेरीज कोण करून देणार?

ज्या गुन्ह्यासाठी मोर्चा निघतो त्याला नामांकित वकील मिळतो आणि ज्यासाठी निघत नाही त्याला मिळत नाही, अशी सध्याची रीत आहे. पाथर्डी, शेवगाव, अकोल्याच्या वाड्यावस्त्यांवरच्या बहुतेक गुन्ह्यांसाठी कधीच मोर्चा निघणार नाही.

राज्य सरकारने तीन गोष्टी कराव्यात. पक्षाच्या चिन्हावर निवडणूक लढवलेल्या किंवा कुठल्याही सभागृहात बसलेल्या व्यक्तीला फौजदारी खटल्यात सरकारी वकील नेमू नये आणि असा नियम लेखी करावा. विशेष सरकारी वकील कुठल्या खटल्यात नेमायचा, हे मंत्र्यांच्या घोषणेवर न सोडता सत्र न्यायाधीशांच्या सल्ल्याने ठरवावे. आणि जिल्हा न्यायालयातल्या सरकारी वकिलांच्या नेमणुका परीक्षा आणि कामगिरीवर करून त्यांना मुदतीपूर्वी हात लावू नये. निकम यांनीही राज्यसभेतली आपली जागा ठेवून हातातले खटले दुसऱ्यांकडे सोपवावेत आणि हाच नियम देशभर व्हावा म्हणून तिथे विधेयक मांडावे. कोपर्डीच्या खटल्याने त्यांना या जिल्ह्यात जो मान दिला आहे, त्यापोटी एवढे त्यांच्याकडे मागायचा नगरकरांना अधिकार आहे.