तंबू ठोकण्याआधी पाण्याकडे बघा

जूनचा पहिला पाऊस पडतो, कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी एक रील टाकतं आणि प्लॅन सुरू होतो. हिरवागार डोंगर, समोर पाणी, काठावर पिवळा टेंट, मागे अरिजितचं गाणं. खाली 'हिडन स्पॉट, सातारा' एवढाच पत्ता. नक्की कुठे, विचारलं तर 'डीएम कर भावा'. शनिवारी दुपारी चार बाईक निघतात, त्यातल्या दोघांच्या घरी 'मित्राकडे सबमिशन' असं सांगितलेलं असतं.

जायला आपली ना नाही. सातारा आणि सांगलीच्या पश्चिम अंगाला पाण्याची जी श्रीमंती आहे ती बघायची नाही तर विशी-बाविशीत करायचं काय? (माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या दोस्तांनी हे वाक्य मोठ्या मनाने वाचावं. एकाच जिल्ह्यात धबधबाही आणि टँकरही, हे आपलं जुनं दुखणं आहे.) पण जागा निवडताना आपण व्ह्यू बघतो, रेंज बघतो, माणशी किती पडतात ते बघतो. आपण झोपल्यावर ते पाणी काय करणार आहे, हे मात्र फारसं कुणी बघत नाही. धबधबा, नदी आणि धरणाचा जलाशय ही तीन वेगळ्या स्वभावाची पाणी आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते: धबधब्यापाशी मुक्काम नको, नदीच्या पात्रात तर नकोच, आणि जलाशयाकाठी राहायचं असेल तर दिवाळी होऊ द्या.

धबधब्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त रील त्याचे असतात. ठोसेघर, भांबवलीचा वजराई, कोयनानगरजवळचा ओझर्डे, पाटण तालुक्यातला सडावाघापूरचा उलटा धबधबा. हे सगळे पठारांवरून पडतात आणि आपल्याकडची बरीच पठारं जांभ्याच्या कातळाची आहेत. वर माती जेमतेम वीतभर. त्यामुळे वर जोराची सर आली की पाणी मुरत बसत नाही, थेट कड्याकडे पळतं. तुम्ही खाली उभे असता, तुमच्या डोक्यावर पाऊस नसतोही, आणि तरी ओढा फुगतो. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणं, पाला-काटक्या वाहून येणं, आवाज बदलणं या त्याच्या खुणा. दिवसा दिसतात, ऐकू येतात. रात्री दोन वाजता स्लीपिंग बॅगेत, कानात इअरफोन घालून झोपलेल्याला त्यातलं काय कळणार? लोणावळ्याच्या भुशी धरणामागे ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले ते भर दुपारी, आजूबाजूला माणसं उभी असताना.

त्यातून आपला पाऊस साधा नाही. २२-२३ जुलै २०२१ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगावात डोंगर घरांवर आला. पिढ्यान्‌पिढ्या त्याच उतारावर राहिलेल्या माणसांना अंदाज आला नाही. आपण तर गुगल मॅपवर पिन टाकून आलेले पाहुणे. सडावाघापूरला वारा अख्खा धबधबा उलटा वर फेकतो, तिथे नायलॉनच्या टेंटची काय कथा! धबधबा दिवसा बघावा, रेलिंगच्या अलीकडून बघावा, कणीस खावं आणि उजेड असतानाच घाट उतरावा.

नदीचं प्रकरण जास्त फसवं आहे, कारण नदी शांत दिसते. कोयना, कृष्णा, वारणा या तिन्ही नद्यांच्या डोक्यावर धरणं आहेत. म्हणजे पाणी कधी वाढणार हे फक्त आभाळ ठरवत नाही, धरणावरचा निर्णयही ठरवतो. बातमीत आपण वाचतो, 'कोयनेच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक विसर्ग सुरू'. आकडा वाचून पान उलटतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. २१०० क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण साठ हजार लिटर. दहा हजार लिटरचे सहा टँकर, दर सेकंदाला, नदीत रिकामे होतायत असं समजा. आणि हा दरवाजे न उचलता, नुसत्या वीजगृहातून सोडलेल्या पाण्याचा हिशेब आहे. कोयनेचे सहा वक्र दरवाजे वर गेले की आकडा कित्येक पटींनी वाढतो. भोंगा वाजतो, गावांना सूचना जाते. पात्रातल्या वाळूवर टेंट टाकलेल्या पोरांची नोंद कुठल्याच ग्रामपंचायतीकडे नसते, त्यांना सांगणार कोण?

हे पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीला येतं. सांगलीकरांना नदी फुटांत मोजायची सवय आहे. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. इथल्या शाळकरी पोरालाही हे आकडे पाठ असतात. बाहेरून येणाऱ्याने किमान विचारायला काय हरकत आहे?

सांगलीकडच्या नदीकाठी मुक्काम न करण्याचं आणखी एक कारण आहे, त्याला शेपूट आहे. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. नदीवर गेलेल्या माणसांवर हल्ले झालेले आहेत, जीवही गेले आहेत. मगरीची मादी उन्हाळ्याच्या तोंडावर काठच्या मातीतच अंडी घालते आणि घरटं राखते. म्हणजे परीक्षा संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये, आपल्याला नदीत डुंबायची हुक्की येते तेव्हा तिचा काठावरचा पहारा चालू असतो. जागा तिची, मोसम तिचा. हरिपूरला संगमेश्वराच्या घाटावर संध्याकाळी बसावं, समोर कृष्णा-वारणेचा संगम बघावा, भडंगाची पुडी संपवावी आणि घरी जावं. सांगलीत नदीचा याहून चांगला कार्यक्रम मला तरी माहीत नाही.

राहता राहिला जलाशय, आणि खरं कॅम्पिंग इथेच आहे. वाईजवळ धोम, मेढ्याच्या वाटेवर कण्हेर, सज्जनगडाच्या पायथ्याशी उरमोडी, शिराळा तालुक्यात वारणेवरचं चांदोली. सगळ्यांचा दादा म्हणजे कोयनेचा शिवसागर. १०५ टीएमसीचं धरण, आणि त्याच्या फुगवट्याच्या काठाला बामणोली, शेंबडी, तापोळा ही गावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथली सकाळ बघितलेला माणूस पुन्हा आल्याशिवाय राहत नाही. पाण्यावरून धुकं उठत असतं आणि पलीकडचा डोंगर हळूहळू दिसायला लागतो. हे लिहितानाच मला बॅग भरावीशी वाटतेय.

पण इथेही जागा वाचावी लागते. जलाशयाच्या काठाला झाडी जिथे संपते आणि पाणी जिथे सुरू होतं, त्यामध्ये उघड्या मातीचा एक पट्टा दिसतो. टेंट टाकायला सपाट, मोकळा, एकदम झकास. तो पट्टा म्हणजे धरण भरल्यावर पाणी कुठवर येतं याची खूण. पावसाळ्यात तो मोजायचाच नाही. हिवाळ्यात पाणी उतरत असतं, कारण कोयनेचं पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला पोफळीकडे वळवतात आणि पूर्वेला शेतीसाठी सोडतात. तेव्हा बुडायची भीती नाही, पण त्या पट्ट्यात गाळ असतो आणि वरून कोरडा दिसणारा गाळ गुडघ्यापर्यंत आत घेतो. टेंट झाडीच्या रेषेच्या वर हवा. कॅम्पवाला तुम्हाला 'वॉटर टच' असं अभिमानाने सांगत असेल तर तिथेच शंका घ्या.

पोहण्याबद्दल एकच सांगते. हा तलाव नाही, बुडालेला मुलूख आहे. खाली जुनी शिवारं आहेत, बांध आहेत, ओढ्याचे खड्डे आहेत. चार पावलं कंबरभर आणि पाचव्या पावलाला तळ नाही, असं होतं. बोटीत लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली असून उपयोग नाही. आणि बोट किती माणसं पेलते हे नावाड्याला विचारायला लाजू नका. ८ ऑगस्ट २०१९ला ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारीच बोट उलटली. सांगली ते विसरलेली नाही.

बामणोलीच्या पलीकडच्या काठाचाही मोह होतो. तिथे वासोटा आहे, दाट जंगल आहे. पण ते कोयना अभयारण्य, म्हणजेच सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वन विभागाची परवानगी घेऊन सकाळी बोटीने जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. मुक्कामाला मनाई आहे. चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानातही मनाला येईल तिथे तंबू टाकता येत नाही. कास पठार, कोयना, चांदोली या तिन्ही जागा २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. 'एक रात्र राहिलो तर काय बिघडतं' या प्रश्नाचं उत्तर गव्याला विचारावं, तो रात्री पाण्यावर येतोच. कासच्या तर वीतभर मातीत टेंटची मेख ठोकणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या फुलांवर घाव घालणं. शिवाय कास तलावाचं पाणी सातारा शहर पितं. काठावरची बाटली, खरकटं आणि सकाळचा 'उरकलेला' कार्यक्रम कुठे जातो, ते साताऱ्यातल्या मुलांनी तरी ध्यानात घ्यावं.

थंडीतली एक गोष्ट ठळक अक्षरात छापायला हवी. शेकोटी विझत आली की उरलेले निखारे घमेल्यात घालून टेंटमध्ये नेतात आणि चेन लावून झोपतात. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, धूर नाही. माणूस झोपेतच जातो. दोन चादरी जास्त घ्या, निखारे बाहेर ठेवा.

आता कॅम्प कुणाचा निवडायचा? इथे मला थोडं जास्त बोलायचंय. कोयना धरण झालं तेव्हा या खोऱ्यातली गावंच्या गावं उठली. कुणी परजिल्ह्यात गेलं, कुणी डोंगरावर सरकलं, आणि पुनर्वसनाचे हक्क मागणारी आंदोलनं त्यानंतर कित्येक दशकं चालू राहिली. महाराष्ट्राला वीज देणाऱ्या पाण्याच्या काठावरच्या पोराला नोकरीसाठी मुंबई गाठावी लागली. आज त्याच काठावर कुणी आपल्या शेतात चार टेंट लावतो, आई भाकरी थापते, भाऊ बोट चालवतो. आपले हजार-बाराशे त्या घरात गेले तर ते योग्य जागी गेले. उलट बाहेरच्या कुणीतरी जमीन घेऊन जेसीबीने उतार कापून, डीजे लावून टाकलेला कॅम्प असतो; त्याचा फोन पुण्यात वाजतो आणि रात्री काही झालं तर जागेवर फक्त एक वॉचमन सापडतो. म्हणून बुकिंग करताना थेट विचारायचं: जमीन कुणाची? संडास कुठे आणि त्याचं पाणी कुठे जातं? रात्री मुक्कामाला गावातलं कोण असतं? दवाखाना किती अंतरावर आहे आणि गाडी आहे का? राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, साहसी पर्यटनाचं २०२१ साली. दोन्हींत नोंदणीची सोय आहे, तेव्हा नोंदणी आहे का हेही विचारायचं. 'सर, टेन्शन नका घेऊ' हे यातल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर होत नाही.

शेवटी प्रशासनालाही काही बोललं पाहिजे, सगळा उपदेश पोरांनाच का? पाऊस वाढला की धबधब्यांवर बंदीचा आदेश निघतो. अतिवृष्टीत तो हवाच. पण रेलिंग असलेली जागा बंद झाली की गर्दी घरी जात नाही, रेलिंग नसलेल्या वळणावर थांबते. २०२४च्या ऑगस्टमध्ये धबधबे बंद असताना बोरणे घाटात सेल्फी घेताना एक तरुणी दरीत पडली. स्थानिकांनी आणि बचाव पथकाने दोर लावून तिला वर काढलं म्हणून वाचली. कुठे जायचं नाही याची यादी आपल्याला दरवर्षी मिळते. कुठे जायचं याची यादी जिल्हाधिकारी कार्यालय, वन विभाग आणि जलसंपदा विभाग मिळून का काढत नाहीत? दिवाळीच्या आधी ती निघावी: धरणाचं नाव, गाव, मुक्कामाची जागा, ग्रामपंचायतीचा नंबर. आणि जलाशय पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या रेषेवर पांढरे रंगवलेले दगड. ती रेषा कुठे आहे हे जलसंपदा विभागाला नव्याने शोधायचं नाही, तिच्याच आधारे जमिनी घेतल्या गेल्या होत्या.

दगड रंगवायला माणसं कोण देणार, असं कुणी विचारलं तर त्याचीही सोय आहे. आपल्या कॉलेजांची एनएसएसची सात दिवसांची शिबिरं हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावात होतातच. यंदा दोन-चार शिबिरं बामणोलीकडे आणि चांदोलीकडे न्या. सहा दिवस नेहमीचं श्रमदान करा, एक दिवस चुन्याची बादली द्या.