उद्याची इंग्रजी

वाचकहो, मराठी माणूस "आलोच" म्हणतो तेव्हा तो अजून निघालेलाही नसतो. रूप भूतकाळाचे आणि काम भविष्याचे! घरातून बाहेर पडताना आपण "येतो" म्हणतो आणि जातो. "उद्या बाजारात भेटतो" यात क्रियापद वर्तमानकाळी आहे. भविष्य सांगतो तो "उद्या" हा एकच शब्द. आपल्या भाषेत हे सगळे चालते, कोणाची गैरसमजूत होत नाही. पण हीच सवय घेऊन मूल इंग्रजीच्या वहीत शिरते आणि "आय कम टुमारो" असे लिहून येते. बाई लाल रेघ मारतात. मुलाला वाटते, आपले डोके चालत नाही. अहो, डोके चालते आहे. ते मराठीत चालते आहे, एवढेच.

गेल्या वेळी आपण भूतकाळ पाहिला. आज भविष्यकाळ घेऊ.

ठाणे जिल्ह्यातल्या गावांत हा विषय घरोघरचा आहे. आसनगाव, टिटवाळा, वांगणी, बदलापूर इकडची मुले लोकलने आणि मुरबाडची एस.टी.ने कल्याणला उतरतात. कोणी तिथेच कॉलेजात जाते, कोणी डोंबिवलीला, कोणी पुढे ठाण्याला. दहावीपर्यंत मराठी शाळा आणि मग विज्ञान किंवा वाणिज्य घेतले की वर्गात एकदम सगळे इंग्रजी. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधी ते पाचवीला येई. म्हणजे आज ज्यांची मुले कॉलेजात आहेत, त्यांतल्या बहुतेक आईबापांना पाचवीत ए-बी-सी-डी भेटली, आणि कित्येक आयांची शाळा त्याच सुमारास सुटली. तरीसुद्धा या काळाचा सराव घरच्या घरी होऊ शकतो. शिकवणी लागत नाही.

आधी एक दिलाशाची गोष्ट. मराठीत मी जाईन, तू जाशील, तो जाईल, आम्ही जाऊ, तुम्ही जाल, ते जातील, अशी सहा रूपे आपण बिनचूक वापरतो. इंग्रजीत या सहांना मिळून "विल गो" एवढे एकच आहे. इंग्रजी क्रियापदाला भविष्याचे स्वतःचे रूपच नाही. ते दुसऱ्या शब्दाची मदत घेते. अट एकच: "विल"च्या मागोमाग मूळ क्रियापद यायचे. "विल गोज" नाही, "विल गोइंग" नाही, "विल वेंट" तर मुळीच नाही. ज्या माउलीला इंग्रजी येत नाही तिलाही एवढे कानाने तपासता येईल. मूल मोठ्याने वाचते आहे, "विल" ऐकू आला, की पुढच्या शब्दाला शेपूट आहे का एवढे ऐकावे. शेपूट असेल तर थांबवावे.

जुन्या पाठ्यपुस्तकांत आणखी एक नियम होता: "आय" आणि "वुई" यांच्यापुढे "शॅल", बाकीच्यांपुढे "विल". वडीलधाऱ्यांच्या डोक्यात तो पक्का बसलेला आहे, आणि नात "आय विल" म्हणाली की आजोबा तिला टोकतात. आजोबा, राहू द्या. बोलण्यात आज सगळीकडे "विल"च चालते. "शॅल" उरला आहे तो विचारण्यात, जसे "शॅल वुई गो?" म्हणजे "जायचे का?", आणि दुसरा उरला आहे कायद्याच्या कागदात. त्याची गोष्ट पुढे येईल, तिथे मात्र आजोबांनी चष्मा लावून बसावे.

आता "विल" आणि "गोइंग टू" यांतला फरक. मुले इथे गोंधळतात, पण मराठीत तो फरक आपण रोज करतो. रात्री विहिरीवरचा पंप बंद पडल्याचे कळले आणि तुम्ही तिथल्या तिथे म्हणालात, "सकाळी मिस्त्रीला बोलावीन." ठरवले ते बोलताबोलता. इथे "आय विल कॉल द मेकॅनिक." पण यंदा वरकस जमिनीत नाचणी लावायची हे घरात आधीच ठरले आहे आणि पाहुण्यांनी विचारले, तर तुम्ही "लावीन" म्हणत नाही, "लावणार आहोत" म्हणता. हा जो "णार" आहे तोच बहुतेक वेळा इंग्रजीतला "गोइंग टू." माहुलीच्या डोंगरावर ढग काळे झाले, वारा पडला, की आपण म्हणतो "पाऊस येणार." खूण समोर दिसते आहे, म्हणून "इट इज गोइंग टू रेन." उलट नुसता अंदाज असेल, वचन असेल किंवा त्या क्षणीचा निश्चय असेल, तर "विल." मुलाला एवढेच विचारावे: "बाळा, मराठीत तू इथे 'करीन' म्हणाला असतास की 'करणार आहे'?" शंभरातली सगळी वाक्ये यात बसत नाहीत, पण पुष्कळ बसतात.

वेळ ठरवून घेतली असेल तर इंग्रजी चालू वर्तमानकाळच वापरते: सोमवारी डॉक्टरांकडे जायचे आहे, नंबर लावला आहे, तर "वुई आर सीइंग द डॉक्टर ऑन मंडे." आणि वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ. "गाडी सहा दहाला सुटते" हे आपणही उद्याच्या गाडीबद्दल असेच बोलतो, इंग्रजही तसेच बोलतो: "द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स टेन." ठाण्यापर्यंत आगगाडी आली १८५३ साली आणि कल्याणला १८५४ मध्ये, त्यामुळे गाडीचे वाक्य आपल्या भागात कोणाला परके वाटू नये. ती गाडी खरोखर सहा दहाला सुटेल का, हा व्याकरणाचा प्रश्न नव्हे.

सगळ्यांत मोठा खड्डा मात्र "जेव्हा" आणि "जर" यांच्यात आहे. "पाऊस पडला की लावणी करू." यात "पडला" हे रूप भूतकाळी आहे, पाऊस अजून पडायचा आहे, आणि "करू" भविष्यकाळी आहे. हुशार मूल विचार करते, की पाऊस तर पुढे पडणार, मग इथेही "विल" हवा, आणि लिहिते "व्हेन इट विल रेन." चूक हुशारीतून झाली म्हणून चूक ती चूकच. इंग्रजीत "व्हेन", "इफ", "आफ्टर", "अंटिल" हे शब्द ज्या तुकड्यात आहेत त्या तुकड्यात "विल" बसत नाही. तिथे वर्तमानकाळ येतो. "व्हेन इट रेन्स, वुई विल ट्रान्सप्लांट द राइस." एक वाक्य, एक "विल", आणि तो दुसऱ्या घरात. भाऊ आला की जेवू, पगार झाला की पैसे पाठवीन, गाय व्याली की खरवस देऊ: आपल्या घरात अशी वाक्ये दिवसातून वीस वेळा होतात. त्यांतली दोन रोज इंग्रजीत करायला लावली तर महिन्याभरात हा खड्डा बुजतो.

पुढचे दोन प्रकार सोपे आहेत, कारण त्यांना मराठीत आयती जोडी आहे. "उद्या दहा वाजता आम्ही लावणी करत असू": "ॲट टेन टुमारो वुई विल बी ट्रान्सप्लांटिंग." त्या वेळी काम चालू असेल, म्हणून "विल बी" आणि शेपटीला "इंग." "दिवाळीपर्यंत हळवे भात कापून झालेले असेल": "बाय दिवाळी वुई विल हॅव हार्वेस्टेड द अर्ली राइस." त्या वेळेआधी काम संपलेले असेल, म्हणून "विल हॅव." चौथा एक लांबलचक प्रकार आहे, तो परीक्षेपुरता येऊ द्यावा, बोलताना फारसे कोणाचे अडत नाही.

नकाराकडे मात्र काळजीने बघा. "विल नॉट" बोलताना "वोन्ट" होते. आणि "पाहिजे" या अर्थाचा शब्द आहे "वॉन्ट." दोघांत फरक जिभेच्या टोकाएवढा. "आय वोन्ट सेल" म्हणजे मी विकणार नाही. "आय वॉन्ट टू सेल" म्हणजे मला विकायचे आहे. कल्याण-शीळ रस्त्याच्या आणि भिवंडीच्या बाजूला ज्यांच्या जमिनी आहेत त्यांनी हे दोन शब्द मुलांकडून दहा वेळा म्हणवून घ्यावेत. "वोन्ट"चा "वो" ओठ गोल करून लांब काढावा. शंका आली तर सरळ "विल नॉट" म्हणावे, दोन्ही शब्द सुटे.

आणि आता तो कागद. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालच्या गावांत गेली कित्येक वर्षे भाताची खाचरे इमारतींखाली जात आहेत. जमीन विकावी की नाही हा ज्याच्या-त्याच्या घरचा निर्णय. पण करारनामा पुष्कळदा इंग्रजीत येतो, आणि त्यात सगळा खेळ काळाचा असतो. आपल्याकडे दोन दस्त वेगळे आहेत हे बहुतेकांना ठाऊक आहे: साठेखत आणि खरेदीखत. साठेखत म्हणजे "विकीन" असा करार, इंग्रजीत "अग्रीज टू सेल." खरेदीखत म्हणजे "याद्वारे विकत आहे", इंग्रजीत "हिअरबाय सेल्स." एक भविष्य, एक वर्तमान. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५४ वे कलम सांगते, की विक्रीच्या नुसत्या कराराने त्या मिळकतीत कोणाचा हक्क निर्माण होत नाही. म्हणून साठेखत हलके समजावे असे मात्र नाही. दिलेला शब्द पाळायला लावण्यासाठी दुसरी बाजू कोर्टात जाऊ शकते. पण जमीन आज गेली की पुढे जायची आहे, हे त्या एका क्रियापदावर ठरते.

इथेच तो "शॅल" भेटतो. "द पर्चेसर शॅल पे" म्हणजे खरेदीदाराने पैसे द्यायचेच, ते त्याच्यावर बंधन. "मे पे" म्हणजे देऊ शकेल, त्याची मर्जी. "विल एन्डेव्हर टू पे" म्हणजे द्यायचा प्रयत्न करील. तिन्ही वाक्ये कोणी वाचून दाखवताना "पैसे देतील" अशी एकसारखी सांगू शकतो. बंधन असेल तिथे तारीख आहे का तेही बघावे; तारखेवाचून "शॅल" म्हणजे दाव्यावाचून बैल. आणि सर्वांत सावध राहावे ते भूतकाळापाशी. पैसे यायचे आहेत आणि कागदात "हॅज रिसीव्ह्ड", म्हणजे "रक्कम मिळाली" असे लिहिलेले असते. घरात "आलोच" म्हटलेले खपते, दस्तात खपत नाही. तिथे "मिळाली" म्हणजे मिळाली, आणि न मिळाल्याचे सिद्ध करत बसण्याची पाळी तुमच्यावर येते.

गंमत अशी, की मराठी दस्तातही एक "णार" असतो आणि तो भविष्यकाळाचा नसतो. "लिहून देणार" आणि "लिहून घेणार" हे त्या दोन पक्षांचे नावच आहे, क्रिया करणारा या अर्थाचे. खरा भविष्यकाळ पुढच्या ओळीत असतो: "जबाबदारी अमुक यांची राहील." ते "राहील" कोणाच्या नावापुढे आहे ते बोट ठेवून वाचावे.

नववी-दहावीतल्या मुलीला असा कागद मिळाला तर तिने कायदा सांगायला जाऊ नये, तिचे ते काम नाही. तिने पेन्सिल घेऊन "शॅल", "मे", "विल", "हॅज" या शब्दांखाली रेघा माराव्यात आणि प्रत्येक रेघेपुढे कोण, काय, केव्हा हे मराठीत लिहावे. तो कागद घेऊन वकिलाकडे जावे, सही त्यानंतर. दस्त मराठीत करून द्या असे म्हणायलाही संकोच नको.

सरावाचे म्हणाल तर, रात्रीचे जेवण ही वेळ उत्तम. उद्याच्या कामांची बोलणी तेव्हा होतातच. आजीने सांगावे, "सकाळी मी राबातली रोपे काढीन". बाबांनी सांगावे, "मी कल्याणच्या मार्केटात भाजी घेऊन जाणार आहे". आणि मुलाने तेच वाक्य इंग्रजीत म्हणून दाखवावे. आजीचे वाक्य पहिले घ्यावे, ते बहुधा सर्वांत छोटे असते. एका रात्री चार वाक्ये पुरेत. पाचव्याला मूल पेंगते. कॉलेजला जाणाऱ्यांनी वाचनालय धरावे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आहे.

आता या आठवड्याची पाच वाक्ये. वहीत इंग्रजी करा. एक: मी तुला उद्या पैसे देईन. दोन: यंदा आम्ही बैल विकणार नाही. तीन: ताई घरी आली की आम्ही निघू. चार: मे संपेपर्यंत विहीर खोदून झालेली असेल. पाच: पैसे बँकेत जमा झाले तर मी सही करीन. तिसऱ्या आणि पाचव्या वाक्यात "विल" किती वेळा आला ते मोजा. उत्तरे पुढच्या अंकात.