पीयूसी आहे, मग काळा धूर कसा?

घाटात जुन्या फोर-बाय-फोरच्या मागे दुचाकीवर अडकलात, तर तो काळा धूर कोणाच्या छातीत जातो ते वेगळे सांगायला नको. मालकाला विचारा, उत्तर ठरलेले: 'पीयूसी आहे की!' पण पीयूसी म्हणजे उभ्या गाडीची चाचणी. डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबतात आणि धुराची घनता मोजतात. ओझे घेऊन चढ चढताना इंजिन काय करते, ते त्यात दिसत नाही.

दोष बहुतेक वेळा गाडीच्या वयाचा नसतो, हेळसांडीचा असतो. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही: तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोच्या होजला गेलेली चीर किंवा थकलेले इंजेक्टर. स्वस्तातले आधी तपासा. धूर निळा असेल तर ऑइल जळतेय, आणि तो खर्च मोठा असू शकतो.

खरा वाद ईजीआर व्हॉल्व्हचा. हा व्हॉल्व्ह जळालेल्या वायूचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडतो. त्याने ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. सतत कमी वेगात फिरणाऱ्या गाडीत तिथे काजळी साठते, पिकअप जातो. मग कुणीतरी पत्र्याची चकती ठोकून व्हॉल्व्ह बंदच करून देतो. गाडी पळते, धूरही कमी दिसतो, मालक खूश. माझ्या मते ही दुरुस्ती नव्हे, पळवाट आहे. डिझेलच्या पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत, म्हणून ती पचते. व्हॉल्व्ह उघडून काजळी साफ करा, नसेल जमत तर बदला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून सरळ पाइप टाकणेही त्याच माळेतले.

आणि सायलेन्सर? खडकांवर आपटून, ओढ्याच्या पाण्यातून जाऊन त्याचे जॉइंट सैल होतात. कोकणात गंज वेगळाच. सकाळी थंड इंजिन सुरू करून खाली वाका. फटफट आवाज किंवा जॉइंटवर काजळीचा डाग दिसला, तर गॅस्केट गेले. त्यातून झिरपणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि मागच्या सीटवर मुले झोपलेली असतात.

खासगी गाडीला १५ वर्षे झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फिटनेस तपासणी येते, पुढे दर ५ वर्षांनी. त्या तारखेच्या दोन महिने आधीच गाडी रॅम्पवर चढवा.