कचरा आपला, हात तिचे



गेल्या रविवारची गोष्ट. पुण्यातल्या आमच्या वस्तीत रोज कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंनी आमचा डबा ढकलगाडीत रिकामा केला, माल निवडायला हात घातला आणि एकदम मागे घेतला. बोटातून रक्त वाहत होते. आदल्या रात्री फुटलेला काचेचा पेला मीच कांद्याच्या सालींत टाकला होता. ताई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "दादा, काच कागदात बांधून वेगळी देत जा. हाताला लागलं की खाडा होतो."

मला मान वर करवेना. माझ्या सख्ख्या मावशीने याच शहरात पाठीवर पोते घेऊन कागद-पत्रा वेचला आणि मुले वाढवली. तिच्या हातांवरचे वण मी लहानपणी पाहिले आहेत. तरी नोकरी लागली, घरात झाकणाचा डबा आला आणि डब्यापलीकडचा माणूस मी विसरलो.

पुण्यात हे काम करणाऱ्यांत बहुतेक आपल्या दलित समाजातल्या बाया आहेत. १९९३ साली त्यांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना बांधली. पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. कचराकुंडी उपसणारी बाई हक्काने दारात येऊ लागली. घरटी मिळणारे शुल्क आणि सुक्या मालाची विक्री, ही तिची कमाई.

मी कारकून माणूस, म्हणून जमाखर्च मांडतो. कोरडा पुठ्ठा भंगाराच्या दुकानात वजनावर विकला जातो, तिथून कागद गिरणीत जाऊन त्याचा पुन्हा कागद होतो. पत्रा वितळतो, प्लास्टिकचा दाणा होतो. पण त्याच पुठ्ठ्यावर आपण आमटी ओतली की तो कवडीमोल. नुकसान तिच्या पदरात आणि ओझे शहराच्या डोक्यावर. हे ओझे शेवटी कुठे गेले? उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांना विचारा. पुण्याच्या कचऱ्यापायी त्यांनी वर्षानुवर्षे दुर्गंधी आणि नासलेले पाणी सोसले.

उपाय बिनखर्ची आहे. ओला कचरा एका डब्यात, सुका एका पोत्यात. दुधाची पिशवी विसळून वाळवावी. काच, ब्लेड, सुई जाड कागदात बांधून, सांगून हातात द्यावी. पाळीच्या घड्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, म्हणजे ते पुडके ती उघडणार नाही. शहरी कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओलाच असतो. जागा असेल तर भोके पाडलेल्या जुन्या बादलीत साली आणि वाळला पालापाचोळा आलटून-पालटून टाकावा, अधूनमधून हलवावा. दोन-तीन महिन्यांत कुंडीपुरते खत होते.

आपल्या आयांना हे नवे नाही. जुन्या लुगड्याची वाकळ, तेलाच्या डब्यात तुळस, बोहारणीला कपडे देऊन पातेले. आपल्या घरात काही वाया जात नव्हते. पैसा आला आणि ती सवय गेली.

आपल्या वाडवडिलांच्या हाती गावाची घाण जातीच्या नावाने दिली गेली. आज आपणच न निवडलेला डबा आपल्या बहिणीपुढे सरकवला, तर वेगळे काय केले? आज रात्री डबा भरताना घरातल्या मुलांना जवळ बोलवा आणि हे काम त्यांच्यासमोर करा. सकाळी ताई आल्या की त्यांना नावाने हाक मारा, पाणी विचारा.

आमच्या घरी आता दोन डबे आहेत. ताईंच्या बोटाची पट्टी अजून सुटलेली नाही.