शिल्लक कोणी पडताळली?

बारावीचे निकाल लागले, की 'मुलास सी. ए. करावे काय?' अशी विचारणा करणारी पत्रे आम्हांस येतात. अशा पालकांस आम्ही हैदराबादच्या 'सत्यम'चे प्रकरण मुलासमवेत वाचावयास सुचवितो. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी लेखी कबुली दिली, की ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँकशिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. वर्षानुवर्षे त्या हिशेबांवर नामांकित लेखापरीक्षकांच्या सह्या होत होत्या!

बँकेतील शिल्लक पडताळण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. कंपनीने पुढे केलेल्या कागदावर न विसंबता बँकेकडून परस्पर दाखला मागवावयाचा, इतकेच. हे काम पुष्कळदा आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाकडेच येते. पुढे २०१३ च्या कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांस ठरावीक मुदतीनंतर लेखापरीक्षक बदलणे भाग पाडले. ते योग्यच झाले. परंतु ज्याचे हिशेब तपासावयाचे त्याच्याकडूनच मेहनताना घ्यावयाचा, ही अडचण कायमच आहे.

मुलाचे गणित उत्तम असल्याचे पालक कौतुकाने कळवितात. 'साहेब, बँकेचे पत्र अद्याप आलेले नाही,' असे वरिष्ठांस सांगण्याचा धीटपणा त्याच्या अंगी आहे काय, हे मात्र कोणी लिहीत नाही.