वाचून दाखवणे आणि वाचणे

दृष्टिहीन विद्यार्थ्याला पुस्तक वाचून दाखवणे ही मोलाची सेवा आहे. मात्र साहित्याच्या अभ्यासाला ती पुरेशी नाही, असे आम्हांस वाटते. कविता वाचणारा कुठे थांबतो, कशावर जोर देतो, यातून त्याने लावलेला अर्थच ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो. एखाद्या ओळीकडे हवे तेव्हा परतणे, शब्द अक्षरशः तपासणे स्वतःच्या हाती असल्याखेरीज समीक्षा संभवत नाही.

यात कायद्याची आडकाठी उरलेली नाही. कॉपीराइट कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीने अशा वाचकांसाठी सुलभ प्रती तयार करण्याची मुभा दिली. माराकेश कराराला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता दिली तीही भारतानेच.

अडचण आहे ती आपल्या टंकलेखनाची. युनिकोडपूर्व फाँटांतला मराठी मजकूर स्क्रीन रीडर निरर्थक चिन्हे म्हणून उच्चारतो. पानांची नुसती छायाचित्रे असलेली पीडीएफ त्याच्या लेखी कोरीच असते. मराठी विभागांनी निदान स्वतःची टिपणे आणि पाठ्यसामग्री युनिकोडमध्ये द्यावी. मग तोच मजकूर ऐकता येईल, मोठ्या अक्षरांत पाहता येईल, ब्रेलमध्ये बोटांनीही वाचता येईल.

संहिताच हाती न देता स्वतंत्र आकलनाची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?